घड्याळ घेताय? आधी तीन आठवडे पळा!

रनिंगसाठी फिटनेस वॉच घ्यायचंय, बजेट ठरत नाहीये आणि दुकानातला सेल्समन एका दमात चाळीस फीचर्स ऐकवतोय? मग कार्ड स्वाइप करण्याआधी पाच मिनिटं काढा आणि हे वाचा.

ऑगस्ट उजाडला की ऑफिसच्या पॅन्ट्रीत दोन गट पडतात. एका गटानं जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा फॉर्म भरलेला असतो आणि दुसरा गट पहिल्याच्या आग्रहाला बळी पडून फॉर्म भरायच्या बेतात असतो. मग शूज येतात. ड्राय-फिट टी-शर्ट येतो. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर (पुण्यात असाल तर तळजाईवर) पोचलात, की एक गोष्ट एकदम जाणवते. आपलंच मनगट तेवढं रिकामं आहे! बाकी सगळ्यांच्या हातावर काहीतरी लुकलुकतंय, आणि धावणं संपल्यावर आधी पाणी नाही, आधी घड्याळ बघितलं जातंय.

सोमवारी लंच अवरमध्ये शोध सुरू. एक मॉडेल तीन हजारांना, दुसरं तीस हजारांना, तिसरं चक्क नव्वदच्या घरात. तिन्हींच्या डब्यावर घामानं निथळणाऱ्या माणसाचा तोच फोटो आणि तेच शब्द: हार्ट रेट, स्टेप्स, स्लीप, कॅलरीज. मग एवढा फरक कशाचा?

फरक असतो, आणि चांगलाच असतो. फक्त तो डब्यावर लिहिलेला नसतो. फिटनेस वॉच काही गोष्टी खरोखर मोजतं, काहींचा अंदाज बांधतं, आणि काही बाबतीत सरळ थाप मारतं. या तिन्ही गोष्टी ते एकाच टायपात, एकाच स्क्रीनवर, सारख्याच आत्मविश्वासानं दाखवतं. तुमचे पैसे पहिल्या प्रकारावर खर्च झाले पाहिजेत, एवढाच काय तो फंडा.

आधी फोन घेऊनच पळा

आमचा सल्ला जरा उलटा वाटेल. घड्याळ घेण्याआधी तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा, फोनवर एखादं फुकटचं रनिंग अ‍ॅप टाकून पळा. फोन हातात धरा, कमरेच्या पाउचमध्ये ठेवा, काहीही करा. नऊ वेळा घराबाहेर पडलात तर दोन गोष्टी कळतील. एक, आपण खरंच पळणार आहोत का. (कपाटाच्या खणात चार्जरसकट झोपलेली घड्याळं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.) दोन, पळताना आपल्याला नेमकं काय जाणून घ्यावंसं वाटतं.

बहुतेकांना तीनच गोष्टी हव्या असतात. किती अंतर झालं? किती वेगानं चाललोय? आणि मी उगाच जास्त जोर तर लावत नाहीये ना? झोपेचा स्कोअर, स्ट्रेस, ‘बॉडी एज’ वगैरे प्रश्न पळताना कुणाला पडत नाहीत, ते जाहिरात बघताना पडतात. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर जीपीएसकडे आहे. तिसऱ्याचं थोडं हार्ट रेटकडे आणि बरंचसं तुमच्याकडेच.

डब्यावरचं जीपीएस आणि घड्याळातलं जीपीएस

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. स्वस्त घड्याळांच्या जाहिरातीत ‘जीपीएस’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत वाचलं तर कळतं की ते ‘कनेक्टेड जीपीएस’ आहे. म्हणजे काय, तर घड्याळात रिसीव्हर नाहीच. खिशातल्या फोनकडून जागा विचारून घ्यायची आणि स्वतःच्या स्क्रीनवर दाखवायची. फोन घरी ठेवलात की हे घड्याळ पावलं मोजतं, त्यांना एका ठराविक लांबीनं गुणतं आणि त्यालाच अंतर म्हणतं. दमल्यावर तुमचं पाऊल आखूड पडतं, हे त्या गुणाकाराच्या गावीही नसतं. तुम्हाला हवा तो शब्द ‘बिल्ट-इन जीपीएस’. खात्री करायची असेल तर सोपी टेस्ट आहे: फोन घरी ठेवून एक किलोमीटर पळून या आणि नंतर अ‍ॅपमध्ये रस्त्याचा नकाशा उमटतो का बघा. नकाशा नाही, तर जीपीएसही नाही.

बिल्ट-इन असलं तरी सगळं आलबेल असतं असं नाही. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटरवर आहेत. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की काचेच्या टॉवरवर आपटून आला तरी घड्याळाचा गोंधळ होतो. मे २००० पर्यंत तर अमेरिकी सरकार सर्वसामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत असे आणि शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती चूक काढून टाकली म्हणून पुढे मनगटावरच्या जीपीएसला काही अर्थ आला. २००३ मध्ये गार्मिनची पहिली फोररनर आली तेव्हा ती घड्याळापेक्षा मनगटाला बांधलेल्या डबीसारखी दिसायची. मुंबई मॅरेथॉन त्यानंतरच्याच वर्षी, फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्याकडचं हौशी रनिंग आणि हे गॅजेट तसे एकाच वयाचे.

आज लोअर परळच्या किंवा बीकेसीच्या टॉवर्समधून पळालात तर नकाशावरची रेघ दारू प्यायल्यासारखी इमारतींतून आरपार जाते. फ्लायओव्हरखाली तर विचारूच नका. महागड्या मॉडेल्समध्ये ‘ड्युअल-फ्रिक्वेन्सी’ किंवा ‘मल्टी-बँड’ नावाची सोय असते. ती दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सिग्नल ऐकते आणि आपटून आलेला सिग्नल बराचसा ओळखते. तुमचा रोजचा रूट उंच इमारतींचा असेल तर या एका गोष्टीसाठी जास्त पैसे मोजणं आम्हाला पटतं. पण तुम्ही मरीन ड्राइव्हवर, रेसकोर्सवर किंवा टेकडीवर, मोकळ्या आकाशाखाली पळत असाल तर साध्या जीपीएसवर छान भागतं.

आणखी एक. लिफ्टमधून बाहेर पडल्या-पडल्या स्टार्ट दाबू नका. सोसायटीच्या गेटबाहेर, आकाश दिसेल तिथे अर्धा-एक मिनिट उभं राहा, उपग्रह सापडल्याची खूण येऊ द्या. या एवढ्याशा सवयीनं जितका फरक पडतो तितका पाच हजार जास्त मोजूनही पडत नाही.

नव्या घड्याळाची परीक्षा घ्यायची तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर घ्या. मात्र सर्वांत आतल्या लेनमध्ये. फेरी ४०० मीटरची असते ती तिथेच. आठव्या लेनमधून तीच फेरी साडेचारशेच्या वर जाते, आणि लोक उगाच घड्याळाला शिव्या घालतात.

शर्यतीत घड्याळ ‘जास्त’ का दाखवतं?

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दर जानेवारीत यावरून वाद होतात. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. फिनिश लाइनवर घड्याळ म्हणतं २१.३ किंवा २१.४. लगेच ‘ऑर्गनायझरनी रूट चुकीचा मोजलाय’ असे मेसेज सुरू!

बहुतेक वेळा रूट बरोबर असतो. प्रमाणित शर्यतींचा मार्ग मापन केलेल्या सायकलनं मोजतात आणि तोही शक्य तितक्या जवळच्या रेषेनं, म्हणजे वळणावर कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवरून. वर सावधगिरी म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे रूट कमी भरू नये. तुम्ही मात्र गर्दीतून नागमोडी जाता, पाण्याच्या टेबलाकडे वळता, ढोल-ताशावाल्यांकडे बघत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचता. तुम्ही खरंच जास्त पळालेले असता! त्यात जीपीएसची थोडी चूक मिळवा.

आता याचा हिशोब बघा. दोन तासांत हाफ संपवायची असेल तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद हा वेग लागतो. घड्याळ फक्त एक टक्का जास्त अंतर दाखवत असेल आणि तुम्ही स्क्रीनवर इमानेइतबारे ५:४१ धरून पळालात, तर फिनिश लाइन येते दोन तास एक मिनिटाच्याही पुढे. सहा महिन्यांची मेहनत आणि मिनिटभरानं हुकलेलं टार्गेट. म्हणून घड्याळावर ५:३७ च्या आसपास धरून चला. किंवा त्याहून उत्तम म्हणजे ऑटो-लॅप बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी हातानं लॅपचं बटण दाबा. पाटी शक्यतो खोटं बोलत नाही.

हो, बटण. घड्याळ निवडताना हा मुद्दा कुणी सांगत नाही, पण आपल्या हवेत तो फार मोलाचा आहे. टचस्क्रीन घामानं किंवा पावसानं ओली झाली की स्वतःच पुढे-मागे सरकते. जुलैत भर सरीत पळताना अ‍ॅक्टिव्हिटी आपोआप बंद झाली तर तोंडातून काय शब्द निघतात ते इथे छापता येणार नाहीत. स्टार्ट, स्टॉप आणि लॅप या तीन गोष्टी खऱ्या दाबायच्या बटणांवर चालतात का, एवढं दुकानातच बघून घ्या.

हिरवा दिवा आणि आपलं हृदय

घड्याळ पालथं करा. मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. शांत बसलेले असताना हे झकास चालतं. पळताना हात हलतो, पट्टा सरकतो, घाम येतो, आणि मग गडबड सुरू होते.

सगळ्यात मजेशीर गडबड अशी: तुमची पावलं मिनिटाला १७० पडत असतील तर घड्याळ कधीकधी त्या पावलांच्या हादऱ्यालाच नाडी समजतं आणि ठोके १७० दाखवतं. आरामात गप्पा मारत चाललाय आणि घड्याळ म्हणतंय रेड झोन! नवखा माणूस घाबरून थांबतोच. याच्या उलटही होतं. वेगानं छोटे स्प्रिंट मारताना ठोके झटकन चढतात, मनगटावरचा आकडा मात्र मागे रेंगाळतो. टॅटू असलेल्या त्वचेवर तर वाचन अनेकदा बिघडतं, कारण शाईच प्रकाश अडवते.

उपाय सोपे आहेत. पळताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा आणि पट्टा एक भोक घट्ट करा. धावून झालं की सैल करा. खरोखर ठोक्यांवर ट्रेनिंग करायचं असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, म्हणून हात हलण्या-बिलण्याचा प्रश्न येत नाही. ही कल्पना जुनी आहे. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८२ मध्ये छातीचा पट्टा आणि मनगटावरचा बिनतारी मॉनिटर अशी जोडी बाजारात आणली होती. तीस हजारांच्या घड्याळापेक्षा पंधरा हजारांचं घड्याळ अधिक छातीचा पट्टा ही जोडी आम्हाला केव्हाही जास्त शहाणपणाची वाटते.

मग येतात ते रंगीत झोन. बहुतेक घड्याळं कमाल ठोके काढतात ते ‘२२० वजा वय’ या सूत्रानं. हे सूत्र १९७० च्या सुमारास प्रचारात आलं ते एक ढोबळ अंदाज म्हणून. २००१ मध्ये दुसरं सूत्र आलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला पहिलं १९२ सांगतं, दुसरं १८८. आणि खऱ्या माणसांत दोन्हीकडे दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज आढळतो. म्हणजे तुमचा ‘झोन टू’ हा तुमचा नसून तुमच्या वयाच्या सरासरी माणसाचा आहे! त्यात आपली दमट हवा. ऑक्टोबर हीटमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, कारण शरीराला थंड ठेवण्याचं जादा काम हृदयावर येतं. घड्याळ लगेच तुमचा फिटनेस घसरल्याचं जाहीर करतं. काही घसरलेलं नसतं, डिसेंबर येऊ द्या.

यावर फुकटचा उपाय म्हणजे बोलून बघा. पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतंय, तर वेग आरामाचा आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोर लागतोय. आकडा आणि श्वास यांचं पटलं नाही, तर श्वासाचं ऐका.

आता थोडं गंभीर. काही घड्याळांत ईसीजी असतो. ॲपलनं तो २०१८ मध्ये आणला. ही सोय ठोक्यांची विशिष्ट अनियमितता ओळखायला उपयोगी आहे. पण मनगटावरचा हा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही, आणि कंपनीही तसं स्पष्ट सांगते. पळताना छातीत दुखलं, दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, भोवळ आली, तर घड्याळावर सगळं हिरवं असलं तरी थांबायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. ‘घड्याळ तर नॉर्मल दाखवतंय’ या वाक्यावर वेळ घालवू नका. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तुम्हाला बीपी किंवा शुगर असेल, किंवा वर्षानुवर्षं खुर्चीतून उठलाच नसाल, तर घड्याळाच्या बजेटमधले थोडे पैसे आधी डॉक्टरांकडे खर्च करा.

आणि हो, ‘सुई न टोचता ब्लड शुगर’ सांगणारं घड्याळ कुणी विकत असेल तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा. अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं. चुकीच्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस घेतला तर जिवावर बेतू शकतं. तुम्ही घेणार नाही, पण हौसेनं बाबांच्या साठीला भेट द्यायला जाल, म्हणून सांगतोय.

दोन वडापावचा हिशोब

धावून आलात, घड्याळ म्हणालं ६०० कॅलरीज जळल्या. म्हणजे नाश्त्याला दोन वडापाव हक्काचे, बरोबर? थांबा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणं पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरींच्या बाबतीत सगळीच नापास! त्यातल्या सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर मॉडेल्स बदलली आहेत, पण कॅलरी अजूनही अंदाजानंच काढल्या जातात. त्यापेक्षा तोंडी हिशोब बरा: धावताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी. पासष्ट किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर सव्वातीनशेच्या आसपास. वडापाव एकच, आणि तोही अर्धा मित्राला द्या!

पावलांचंही तसंच. दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं दिला असं वाटतं? टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा गोल, ऐकायला छान, म्हणून जगभर टिकला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढायचा थांबला. तुम्ही सत्तरीचे नाही, हे मान्य. पण रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालून ‘कोटा’ पूर्ण करायची गरज नाही, एवढं नक्की.

शिवाय पावलं म्हणजे घड्याळाच्या दृष्टीनं हाताची हालचाल. लोकलमध्ये चढायला ब्रिजवरून पळालात, पण हातात लॅपटॉपची बॅग घट्ट धरलेली, तर काही पावलं गायब. उलट गणपतीत आरतीला जोरात टाळ्या वाजवल्यात, तर काही घड्याळं बसल्याजागी पावलं जमा करतात. ऑफिसातल्या ‘स्टेप चॅलेंज’मध्ये नेहमी पहिला येणारा माणूस नेमका काय करतो, याची चौकशी व्हायला हवी.

झोपेबद्दल एवढंच: किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, हे मात्र हालचाल आणि ठोक्यांवरून बांधलेले अंदाज असतात. स्लीप लॅबमध्ये त्यासाठी डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात. झोपेचा स्कोअर सुधारण्याच्या काळजीनं झोप उडणाऱ्या पेशंटसाठी तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच काढला आहे. सकाळी फ्रेश वाटत असताना घड्याळ ‘पुअर’ म्हणालं, तर त्याला म्हणू द्या.

तर मग घ्यायचं कुठलं?

किमती सेलप्रमाणे वर-खाली होतात, त्यामुळे साधारण अंदाज धरा. पळायचं नाही, फक्त चालणं, झोप आणि ‘दिवसभरात मी हललो का’ एवढंच बघायचं असेल, तर दोन-तीन हजारांचा बँड पुरे. त्याच्यावर एक रुपया जास्त घालवू नका. आठवड्यातून तीनदा पळता, पहिली दहा किलोमीटरची शर्यत डोक्यात आहे, तर बिल्ट-इन जीपीएस असलेलं, बटणांचं, हलकं घड्याळ बघा. अमेझफिटसारख्या ब्रँडमध्ये ते दहा हजारांच्या आत मिळू शकतं. गार्मिन फोररनरच्या सुरुवातीच्या मॉडेल्ससाठी पंधरा-वीस हजार तयार ठेवा. आमचं मत विचाराल तर हाफ मॅरेथॉनपर्यंत यापुढे जायची गरज नाही. डोंगरातल्या शर्यती, साताऱ्यासारखा घाट, फुल मॅरेथॉन किंवा अल्ट्रा यांची चटक लागली असेल तर चढ अचूक मोजणारा बॅरोमीटर, मल्टी-बँड जीपीएस आणि मोठी बॅटरी यांना अर्थ येतो. पन्नास हजारांच्या वर तुम्ही बरेचदा नकाशे, टायटॅनियम आणि ऐट विकत घेता. ऐट करायला आमची ना नाही. फक्त ती ईएमआयवर करू नका.

स्मार्टवॉच की रनिंग वॉच? ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलॅक्सी वॉचेस आयफोनशी जुळत नाहीत. फोन बदलायचा विचार असेल तर हे आधी बघा. पेमेंट, कॉल, मेसेज यांत स्मार्टवॉच सरस, पण बहुतेक मॉडेल्स एक-दोन दिवसांतच चार्जिंग मागतात. रविवारी पहाटे पाचला उठून बघावं तर घड्याळ बंद, हा अनुभव ज्याला आलाय त्याला आठवडाभर चालणाऱ्या रनिंग वॉचची किंमत कळते. बॅटरीचा आकडा वाचताना मात्र ‘जीपीएस चालू असताना किती तास’ तो बघा. ‘चौदा दिवस’ हे जीपीएस बंद असतानाचं गणित असतं.

घड्याळ हातात घालूनच घ्या. मनगट बारीक असेल तर ४६ मिलिमीटरची थाळी वर उचलली जाते, बाहेरचा प्रकाश आत शिरतो आणि ठोके चुकतात. तेच मॉडेल लहान आकारात मिळतं का विचारा. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच स्क्रीन चकाचक दिसतात, म्हणून दारात उन्हात नेऊन बघा. ‘५ एटीएम’ असेल तर स्विमिंगला चालतं, नुसतं ‘आयपी६८’ असेल तर पावसापुरतं ठीक. अमेरिकेतला मावसभाऊ डिसेंबरात येताना स्वस्तात आणणार असेल तर त्या घड्याळाची वॉरंटी भारतात चालते का, हे त्यालाच विचारून घ्या.

पहिल्या दिवशीची कामं

डबा फोडल्यावर सगळ्यात आधी प्रायव्हसी सेटिंग उघडा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर लोकांनी दुर्गम भागांतले लष्करी तळ शोधून काढले होते, तेही जवानांच्या पळण्याच्या उजळ रेघांवरून. तुमच्या रोजच्या रेघा रोज त्याच गेटपासून सुरू होतात आणि साधारण त्याच वेळी. एकट्या पळणाऱ्या मुलींनी तर हे नक्कीच करावं: घराभोवतीचा भाग लपवा, रूट फक्त ओळखीच्यांना दिसू दे, आणि लाइव्ह लोकेशन द्यायचं तर घरातल्या एका माणसाला. ऑफिसच्या वेलनेस अ‍ॅपला घड्याळ जोडताना पावलांपलीकडे काय-काय मागितलंय ते वाचा. झोप आणि ठोके एचआरच्या कामाचे नाहीत.

वजन, उंची, जन्मतारीख खरी भरा. (वजन खरं म्हणजे खरं.) कमाल ठोके बदलायची सोय असते. कडक शर्यतीत छातीच्या पट्ट्यानं दाखवलेला सर्वांत वरचा आकडा मिळाला की तो तिथे टाका, म्हणजे झोन निदान तुमचे होतील. पट्टा रोज साध्या पाण्यानं धुऊन वाळवा आणि रात्री घड्याळ थोडा वेळ काढून ठेवा. घाम अडकून मनगटावर येणारं लाल पुरळ बऱ्याचदा त्या ओल्या पट्ट्यामुळे असतं. व्हॉट्सअ‍ॅपची नोटिफिकेशन्स पळतानापुरती बंद करा. आणि दर तासाला ‘उठा, चाला’ म्हणून थरथरणारी ती मूव्ह अलर्ट अप्रेझलच्या मीटिंगआधी आठवणीनं बंद करा. बॉस वाक्याच्या मधोमध असताना तुम्ही मनगटाकडे बघितलंत, तर घड्याळच उठायला सांगत होतं हे त्यांना पटवणं अवघड आहे.